कायोटीसाठी रायफल घ्यायचीय: .२२३, .२२-२५० की .२४३?

शेळीवाला
मंडळी नमस्कार. टेक्सासमध्ये हिल कंट्रीत आमची साधारण साठ एकर जागा आहे, बोअर आणि स्पॅनिश क्रॉसच्या शेळ्या पाळतो. या हिवाळ्यात शेळ्या व्यायला लागल्या आणि लगेच करडं गायब व्हायला लागली, कधी पूर्ण गायब, कधी अर्धवट खाल्लेलं सापडतं. कायोटींची (आपल्या कोल्ह्यासारखा इथला रानटी प्राणी) कुईकुई रोज रात्री ऐकू येते, ट्रेल कॅमेऱ्यातही दिसलेत. कुंपण सुधारतोच आहे पण आता रायफल घ्यायचं नक्की केलंय, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, हंटिंग लायसन्सही आहे. प्रश्न कॅलिबरचा, म्हणजे रायफलच्या काडतुसाच्या मापाचा. दुकानात गेलो तर एक जण .२२३ म्हणतो, दुसरा म्हणतो .२२-२५० शिवाय कायोटी मारायचाच नाही, शेजारचा म्हातारा रँचर म्हणतो .२४३ घे म्हणजे हरणालाही चालेल. जमीन सगळी चुनखडीचे दगड, सीडर आणि लाइव्ह ओकची झाडी, मोकळी नजर जास्तीत जास्त दीडशे-दोनशे यार्ड जाते. घराच्या पूर्वेला शेजाऱ्यांचं घर आहे. आधी फक्त .२२ वापरलीय तीही रेंजवर. ज्यांनी खरंच कायोटी मारलेत त्यांनी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ मी वेस्टर्न कॅन्सासमध्ये राहतो आणि माझं उत्तर एकच, .२२-२५०. आमच्याकडं सपाट वावर, कापलेला गहू नाहीतर मिलो (ज्वारी), कायोटी तीनशे यार्डावर थांबते आन् तिथूनच पाहत राहते, एक पाऊल पुढं टाकत नाही. तिथं .२२३ मारली तं वारा गोळीला घेऊन जाते. ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी .२२३ मधून साधारण ३,२४० फूट पर सेकंदनं निघते, .२२-२५० मधून तीच गोळी ३,६८० नं. म्हणजे २०० यार्डाला झीरो केलं, गोळी तिथं बरोबर नेमावर लागंल असा स्कोप लावला, तं ३०० ला .२२३ आठ-नऊ इंच खाली येते आन् .२२-२५० सहा-सात. आकडा लहान वाटते पण कायोटीच्या छातीचा कामाचा भाग चार-पाच इंचाचाच असते, वरून सगळे केस. हे कार्ट्रिज काही नवीन खूळ नाही, .२५० सॅव्हेजची मान आवळून लोकं घरीच बनवत होते, १९६५ मध्ये रेमिंग्टननं ते फॅक्टरीत आणलं, तवापासून कायोटीवाल्यांचं लाडकं आहे.

मेंढरंवाली
शेळीवाला, मी सॅन अँजेलोच्या बाजूला आहे, मेंढ्या आणि थोड्या शेळ्या. कॅलिबरच्या आधी एक विचारते, करडं कायोटीच नेतोय हे कशावरून? ट्रेल कॅमेऱ्यात कायोटी दिसला म्हणजे त्यानेच मारलं असं होत नाही, मेलेलं खायलाही तो येतोच. मेलेल्या करडाचं कातडं सोलून बघा. कायोटी गळ्याला धरतो, जबड्याखाली दातांच्या खुणा आणि आतून रक्त साकळलेलं दिसतं. मेल्यावर खाल्लं असेल तर तसं साकळलेलं रक्त नसतं. मोकाट कुत्री मागच्या मांड्या, कान, शेपूट असं कुठेही फाडतात आणि एका रात्रीत पाच-सहा जनावरं जखमी करून न खाता निघून जातात. आणि आपल्या भागात काळी गिधाडं नुकत्याच जन्मलेल्या करडाचे डोळे आणि जीभ काढतात, ती मात्र फेडरल कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना परमिटशिवाय हात लावायचा नाही. हे आधी बघा मग रायफलचं बोलू. चुकीच्या जनावरामागे महिनाभर रात्री जागवल्या तर हातात काही येणार नाही आणि करडं जातच राहतील.

शेळीवाला
ताई, हे बरं सांगितलंत. दोन करडांच्या गळ्यावर खुणा स्पष्ट होत्या, एकाचे तर आपण म्हणता तसेच जबड्याखाली चार दात उमटलेले. गिधाडंही आहेत, पण ती दिवसा, आणि आम्ही असलो की येत नाहीत. म्हणजे कायोटी नक्की आहे.

फौजी_साताऱ्याचा
शेळीवाला, मी सैन्यातून रिटायर होऊन मुलाकडे डॅलसला आलो, इथे मुलाच्या मित्रांच्या रँचवर कायोटी आणि रानडुक्कर बऱ्याचदा होतं. तुम्ही जे जमिनीचं वर्णन केलंत त्यातच उत्तर आहे. दीडशे-दोनशे यार्ड, दगड, आणि एका बाजूला घर. तुम्हाला .२२३ पुरेशी आहे, कारणासकट सांगतो.

दीडशे यार्डावर ५० किंवा ५५ ग्रेनची प्लास्टिक टोकाची व्हार्मिंट गोळी (लहान उपद्रवी जनावरांसाठी बनवलेली, लगेच फुटणारी), व्ही-मॅक्स किंवा त्या जातीची कुठलीही, बरगडीत बसली की कायोटी जागेवर बसतो. टेक्सासचा कायोटी मोठा म्हणजे पंधरा-सोळा किलो, बहुतेक त्याहून कमी. त्याला याहून जास्त ताकद लागत नाही. आणि दगडाळ जमिनीत या गोळीचा सगळ्यात मोठा फायदा असा की ती जनावरात किंवा दगडावर आपटली की चुरा होते. फुल मेटल जॅकेटची गोळी दगडाला लागून उडते आणि कुठे जाईल सांगता येत नाही, शिवाय कायोटीच्या आरपार जाते आणि तो जखमी होऊन झाडीत जाऊन तडफडून मरतो. रेंजवरची स्वस्त एफएमजे उरली म्हणून ती कायोटीवर मारू नका, एवढं माझं ऐका.

पण म्हणून व्हार्मिंट गोळी आहे तर घराच्या दिशेने मारली तरी चालेल असं अजिबात नाही. नेम चुकला आणि मध्ये काही आडवं आलं नाही तर .२२३ ची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. मागे मातीचा उतार दिसत नसेल तर चाप ओढायचाच नाही. पूर्वेची दिशा तुमच्यासाठी कायमची बंद समजा, कायोटी तिथे कितीही सोपा उभा असला तरी.

अजून एक, दुकानात ५.५६ नाटो आणि .२२३ दोन्ही एकाच फळीवर दिसतील. काडतूस बाहेरून सारखंच दिसतं. आम्ही इन्सास वापरायचो ती ५.५६ बाय ४५ ची. रायफलच्या नळीवर .२२३ रेमिंग्टन लिहिलं असेल तर तिच्यात ५.५६ घालू नका, चेंबरचा पुढचा भाग आखूड असतो आणि प्रेशर वाढतं. उलट, ५.५६ च्या रायफलीत .२२३ चालते. .२२३ वाइल्ड चेंबर असेल तर दोन्ही चालतात.

वऱ्हाडी_ठेचा
काका तुमचं पटलं, दोनशे यार्डाच्या आत मी पण .२२३ ला नाही म्हणणार नाही. पण उद्या हा माणूस दुसऱ्याच्या रँचवर गेला, वेस्ट टेक्सासच्या मोकळ्या रानात, तवा? रायफल एकदाच घ्यायची असते.

फौजी_साताऱ्याचा
रायफल ज्या जागेसाठी घेतोय त्या जागेला धरून घ्यावी. .२२३ ची काडतुसं रायफलींच्या सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठिणगी पडणाऱ्या) काडतुसांत जवळजवळ सगळ्यात स्वस्त आणि प्रत्येक गावात मिळतात, धक्का जवळजवळ नाही, म्हणजे हा माणूस वर्षभर सराव करेल. .२२-२५० ची नळी घशाशी लवकर झिजते, गरम झाली की थांबावं लागतं, आणि काडतूस महाग म्हणून नवखा माणूस सराव कमी करतो. नवख्याचा कायोटी चुकतो तो सरावाअभावी, वेगाअभावी नाही. तुम्ही आज इतकी वर्षं मारताय म्हणून तुम्हाला .२२-२५० शोभते.

माळरान
.२४३ ची बाजू कोणीच मांडत नाही म्हणून लिहितोय. मी ओक्लाहोमात. .२४३ विंचेस्टर १९५५ ची, .३०८ चीच केस मान बारीक करून. ५८ ग्रेनची हलकी गोळी घातली की ३,७०० च्या वर वेग, कायोटीला भरपूर. १०० ग्रेनची घातली की व्हाइटटेल हरणाला उत्तम. एक रायफल, दोन कामं. वाऱ्यात .२२३ पेक्षा खूप बरी. धक्का थोडा जास्त पण माझा मुलगा बारा वर्षांचा असल्यापासून मारतोय. शेळीवाल्यांच्या शेजारच्या रँचरचं बरोबर आहे, हिल कंट्रीत हरणं म्हणजे किती, नोव्हेंबरात फ्रीझर भरायचा असेल तर .२४३ ला पर्याय नाही.

मेंढरंवाली
माळरान, दोन कामं बरोबर, पण ५८ ची गोळी आणि १०० ची गोळी एकाच ठिकाणी लागत नाहीत, म्हणजे प्रत्येक वेळी झीरो तपासावा लागतो. रात्री दोन वाजता शेळ्या ओरडल्या आणि रायफल उचलली तर आत्ता स्कोप कुठल्या गोळीला लावलाय हे आठवत बसायचं का? हरणाला वेगळी रायफल असावी या मताची मी. आणि टेक्सासमध्ये हरणाला सेंटरफायर लागते, रिमफायर (बुडाच्या कडेवर ठिणगी पडणारी, .२२ सारखी) चालत नाही, .२२३ सेंटरफायरच आहे म्हणजे कायद्याने चालते, पण मी स्वतः हरणाला मारणार नाही, चांगली बाँडेड गोळी (लागल्यावर न फुटता एकसंध राहणारी) आणि अगदी जवळचा नेम असल्याशिवाय.

नवीन_सभासद_पुणे
वाचतेय पहिल्यापासून. मी वन्यजीवांवर काम करते म्हणून जरा अस्वस्थ होऊन विचारते, राग मानू नका. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर कोल्ह्या-लांडग्याला असं मारता येत नाही, सोलापूर-नगरकडचे धनगर मेंढरं गेली तरी कुत्री आणि राखणीवर भागवतात. तिथे इतकं सहज मारता येतं का? आणि मारून उपयोग होतो का? कायोटी मारले तरी कमी होत नाहीत असंच वाचलंय.

मेंढरंवाली
राग कशाला मानू, बरोबर विचारलंस. टेक्सासमध्ये कायोटी नॉनगेम, म्हणजे हरणासारख्या शिकारीच्या प्राण्यांच्या यादीत नाही, बंद हंगाम नाही. हंटिंग लायसन्स लागतं, फक्त जनावरांवर हल्ला करत असेल किंवा नुकताच केला असेल तर तेवढ्यासाठी लागत नाही. उपयोगाचं म्हणशील तर अर्धं तुझं खरं आहे. एकेकाळी हा प्राणी फक्त पश्चिमेच्या माळरानात होता, सरकारने आणि रँचरांनी शंभर वर्षं गोळ्या, सापळे, विष सगळं केलं, १९७२ मध्ये निक्सनने फेडरल जमिनीवर विष बंद केलं तोवर लाखोंनी मेले, आणि आज हवाई सोडून सगळ्या राज्यांत आहे. सरसकट मारून तो कमी होत नाही, जागा रिकामी झाली की दुसरा येतो. पण कॅलिफोर्नियात होपलँडला मेंढ्यांवर जे संशोधन झालं त्यात दिसलं की कोकरं मारणारे बहुतेक त्या हद्दीतले वीण असलेले जोडीदार कायोटी होते, बाकीचे उंदीर-ससे खाऊन राहतात. म्हणून मी दिसेल त्याला मारत नाही. माझ्या हद्दीतली जोडी मेंढरांना हात लावत नसेल तर तिला राहू देते, ती बाहेरच्यांना येऊ देत नाही. कोकरं मारायला लागली तरच त्या जोडीला टिपायचं.

आणि कुत्री आहेतच गं. माझ्याकडे ग्रेट पिरनीज आणि अनातोलियन आहेत, करडांत वाढवलेले. शेळीवाला, तुम्हीही घ्या, पण पिल्लू घेतलं तर कामाला यायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि एकटा कुत्रा नको, एक जण कळपाशी थांबतो आणि दुसरा पुढे जातो असं पाहिजे. व्यायच्या दिवसांत शेळ्या रात्री घराजवळच्या आवारात कोंडा, वार आणि मेलेली करडं लगेच पुरा नाहीतर जाळा. रायफल या सगळ्याच्या शेवटी येते.

नवीन_सभासद_पुणे
धन्यवाद ताई. हे असं सविस्तर कुणी सांगत नाही.

बे_एरियावाला
कॅलिफोर्नियातून थोडं. इथे १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कायोटीलाही, म्हणजे तांब्याच्या गोळ्या. तांबं हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला फिरवायला जास्त ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ; एक-नऊ म्हणजे नऊ इंचांत एक फेरा) लागतो. एक-बारा ट्विस्टची जुनी .२२३ असेल तर ५५ ग्रेनची तांब्याची गोळी नीट स्थिर होत नाही, एक-नऊ किंवा एक-आठ बघा. टेक्सासला बंदी नाही पण कुत्री किंवा गरुड-गिधाडं मेलेला कायोटी खात असतील तर शिशाचा विचार तिथेही करावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, हा धागा वाचून एच-वन-बी वाले उत्साहात दुकानात जातील म्हणून लिहितो. ग्रीन कार्डवाल्याला फेडरल कायद्यात घेता येते, नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायलाच मनाई आहे. त्याला हंटिंग लायसन्सचा अपवाद आहे, पण ते लायसन्स वैध असलं पाहिजे. टेक्सासचं वर्षाचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, त्यानंतर नवीन काढलं नाही आणि रायफल कपाटात राहिली तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. मित्राची रायफल हातात घेऊन फोटो काढण्याआधीही हे लक्षात असू द्या, आणि वकिलाला विचारूनच काय ते करा.

कोल्हापुरी_रस्सा
लय भारी माहिती. माझ्याकडं .१७ एचएमआर हाय, ससं आणि खारींसाठी घेतल्याली. त्यानं कायोटी पडंल का? आवाज पण कमी येतोय आणि शेजारी जवळ हायत.

फौजी_साताऱ्याचा
पडतो, पण मी सांगणार नाही तिने मारायला. १७ ग्रेनची गोळी, जवळपास २,५५० चा वेग, नळीशीच ताकद जेमतेम अडीचशे फूट-पाउंड. .२२३ नळीशी साधारण तेराशेच्या घरात. पन्नास-साठ यार्डावर, कायोटी आडवा आणि स्थिर असेल तर होतं, पण तो खांद्याचं हाड पुढे करून उभा असेल तर गोळी वरच फुटते आणि मोठी जखम होऊन तो पळतो. .२२ एलआर तर नकोच. जनावर पाळणाऱ्या माणसाने जनावराला असं अर्धवट सोडू नये. शेजारी जवळ आणि पल्ला कमी असेल तर शॉटगन बघा, चाळीस यार्डाच्या आत मोठे छर्रे, आणि ते रायफलच्या गोळीइतके लांब जात नाहीत.

माळरान
.२०४ रुगर कोणी का नाही बोललं? २००४ ची, ३२ ग्रेन ४,२०० च्या वर. धक्का इतका कमी की गोळी लागताना स्कोपमधून दिसते, नवख्याला आपण कुठे मारली ते कळतं. कातडं पण फारसं फाटत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
.२०४ चांगली आहे बाप्पा, पण छोट्या गावात काडतूस शोधून दाखव. करडं मरत असताना ऑनलाइन ऑर्डरची वाट कोण पाह्यते.

मेंढरंवाली
रात्रीचं एक राहिलं. शेळीवाला, थर्मल (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात दाखवणारा स्कोप) घेणार असाल तर तेव्हा कॅलिबरपेक्षा ओळख महत्त्वाची. थर्मलमध्ये कायोटी, हरणाचं पाडस आणि शेजाऱ्याचा राखणीचा कुत्रा सगळे पांढरे ठिपके दिसतात. आमच्या भागात एका चांगल्या पिरनीजचा असा जीव गेला, मालक अजून सावरला नाही. शेपूट खाली, पाय बारीक, चाल हलकी, तोंड टोकदार, एवढं सगळं दिसल्याशिवाय बोट चापावर नेऊ नका. ॲरिझोना-न्यू मेक्सिकोत तर मेक्सिकन लांडगे सोडलेत, तिथे चूक झाली तर फेडरल गुन्हा. रात्री बसायच्या आधी आपल्या काउंटीच्या गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणारा अधिकारी) फोन करून सांगून ठेवा, म्हणजे कोणी गोळीचा आवाज ऐकून तक्रार केली तर त्याला माहीत असतं. आणि तुमची जागा सबडिव्हिजनमधली (प्लॉट पाडलेल्या वसाहतीतली) नाही ना हे बघा, दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉट असेल तर काउंटी गोळीबार बंद करू शकते.

शेळीवाला
साठ एकर सलग आहे, सबडिव्हिजन नाही. वॉर्डनचा नंबर आजच काढला. सगळ्यांचं वाचून ठरवलं, .२२३ बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीला हाताने खटका मागे-पुढे ओढायची) घेतो. हरणासाठी शेजारच्या काकांची .२४३ मागता येईल, ते स्वतःच म्हणाले. पिरनीजच्या पिल्लांसाठी पण एका रँचवर नाव घातलंय. आता तीन प्रश्न: ट्विस्ट कुठला, झीरो किती यार्डाला, आणि बसायचं कुठे?

फौजी_साताऱ्याचा
ट्विस्ट एक-नऊ किंवा एक-आठ, म्हणजे ५० पासून सत्तरीच्या आसपासपर्यंत सगळं मारता येईल आणि उद्या तांब्याची गोळी घ्यायची झाली तरी अडणार नाही. झीरो तुमच्या पल्ल्याला १०० ला दीड इंच वर लावा, म्हणजे २०० ला बरोबर येतं आणि मध्ये कुठेही हिशोब करावा लागत नाही, छातीच्या मध्यावर धरायचं आणि मारायचं. स्कोपचं मोठेपण (झूम) कमी, तीन-चारवरच ठेवा, कायोटी आवाजावर येतो तेव्हा वीस यार्डावरही येतो आणि दहावर लावलेल्या स्कोपमध्ये नुसते केस दिसतात. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या थोड्या थोड्या आणा, प्रत्येक नळीला एक आवडते, जी सगळ्यात जवळजवळ लागते ती एकदम जास्त घेऊन ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
बसायचं मी सांगतो. वारा आडवा घे, तोंडावर नको आन् पाठीवर तं अजिबात नको. कायोटी आवाजाच्या वाऱ्याखालून गोल फिरून वास घेते, तो गोल जिथून जाईल ती जागा तुला दिसली पाहिजे, आन् ती पूर्वेला नको. इलेक्ट्रॉनिक कॉल (जनावराचे आवाज काढणारं यंत्र) असंल तं चाळीस-पन्नास यार्ड दूर ठेव, म्हणजे तिची नजर कॉलवर राहते, तुझ्यावर नाही. सशाचं ओरडणं चालते, जानेवारी-फेब्रुवारीत जोडी जमते तवा कायोटीची कुई दिली तं जास्त येतात. पळत असंल तं मारू नको, तोंडानं एकदा कुत्र्यासारखं भुंक, थांबून पाहते, तवाच मार. पंधरा-वीस मिनिटं काही नाही आलं तं उठ, त्याच जागी रोज रोज बसू नको, लय लवकर शिकतात.

शेळीवाला
भाऊ, पश्चिमेच्या उतारावर एक जागा आहे, समोर पश्चिमेला ओढा आणि मागे मातीचा उंच बांध. बहुतेक दिवस वारा दक्षिणेकडून असतो. तिथे बसलो तर गोल फिरून ओढ्याच्या उत्तरेकडच्या भागातून येईल, बरोबर?

वऱ्हाडी_ठेचा
बरोबर. ओढ्याकडं तोंड करून बस, आन् बांध गोळीच्या मागं येते का ते दिवसा उजेडी आधी जाऊन पाहून घे, तुझ्या पाठीमागं असून फायदा नाही. गेल्यावर इथं लिही.